भुरू गुरगुरला, आणि उठून गेला

पत्र, थोडक्यात

एका आईचं पत्र आहे. मुलगी ९ महिन्यांची, घरातला कुत्रा ७ वर्षांचा. त्याचं नाव बदलून आपण त्याला भुरू म्हणू. बाळ होण्याच्या खूप आधीपासून तो घरात आहे. सकाळ-संध्याकाळ पाऊण पाऊण तास फिरणं, रात्री पलंगाच्या पायथ्याशी झोपणं, असं त्याचं आयुष्य होतं. बाळ घरी आलं तेव्हा तो फार समजूतदारपणे वागला. भुरूच्या पोटाला टेकून झोपलेल्या बाळाचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवून झाले.

मग मुलगी रांगायला लागली. गेल्या आठवड्यात एका दुपारी आई कपड्यांच्या घड्या घालत होती, त्याच खोलीत भुरू आपल्या गादीवर झोपला होता. मुलगी रांगत गेली आणि तिनं त्याचा कान मुठीत धरला. भुरू गुरगुरला, त्यानं कान सोडवून घेतला आणि तो उठून बाल्कनीत गेला. आईची किंकाळी ऐकून नवरा धावत आला, बाल्कनीत गेला आणि त्यानं भुरूला दोन फटके दिले. आता सासूबाई म्हणतात, कुत्रा कुणाला तरी देऊन टाका. त्याचे केस आणि लाळ बाळाला बाधेल, असं त्या आधीपासूनच म्हणत होत्या. नवरा म्हणतो, पुन्हा गुरगुरला तर बघू.

आईची बोच मात्र वेगळीच आहे. ती लिहिते: “दिवसभर बाळ अंगावर असतं. रात्री ती झोपली की भुरू येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवतो आणि मला त्याचा राग येतो. मी त्याला ढकलते. ज्याच्यावर सात वर्षं जीव लावला त्याच्याबद्दल आता काहीच वाटत नाही. मी अशी कशी झाले? आणि तो बाळावर डूख धरेल का?”

उत्तर

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी थांबले. गुरगुरण्याबद्दल तुम्ही पानभर लिहिलंय, आणि भुरू उठून बाल्कनीत गेला हे जाता जाता, एका ओळीत. मला त्या दुपारची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटते. गाढ झोपेत कुणीतरी कान ओढला. डोळे उघडले तर तोंडासमोर इवलासा हात. अशा वेळी या कुत्र्यानं काय केलं? “नको” म्हणाला आणि निघून गेला. त्या क्षणी त्यानं याहून शहाणं काय करायला हवं होतं, हे मला तरी सुचत नाही.

आणि निघून गेल्यावर त्याला मार बसला.

हे मी तुमच्या नवऱ्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. घाबरलेल्या बापाचा हात उठला. पण भुरूच्या बाजूनं पाहा: भांडण टाळून तो दूर गेला होता, आणि मार खाल्ला तो त्या दूरच्या जागी. यातून तो काय शिकेल? गुरगुरायचं नाही आणि निघून जाण्यातही अर्थ नाही, एवढंच. मग त्याच्या हातात उरतं काय?

चांगला कुत्रा बाळावर गुरगुरत नाही, हे तुम्ही तिघांनीही धरून चाललेलं दिसतं. पत्रातलं बाकी सगळं त्या एका समजुतीवर उभं आहे. गुरगुरणं हे कुत्र्याचं बोलणं आहे, आणि तेही बरंच उशिराचं. त्याआधी तो ओठांवरून जीभ फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, मान दुसरीकडे वळवतो, कान मागे पाडतो, पुढचा पंजा किंचित उचलतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहतो तेव्हा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. मग अंग ताठरतं, तो जागच्या जागी थिजल्यासारखा होतो. हे कुणी ओळखलं नाही की आवाज येतो. आवाजानंही काम झालं नाही तर हवेत दात वाजतात, आणि शेवटी चावा. गुरगुरण्याला मार दिला की ती एक पायरी गळून पडते. त्याखालचा त्रास जिथल्या तिथे राहतो.

हे मी स्वतः करून बसले आहे. माझी मुलगी ११ महिन्यांची होती तेव्हा आमची मिनी गुरगुरायची आणि मी दर वेळी तिच्यावर ओरडायचे. काही आठवड्यांत ती गप्प झाली. मला वाटलं, सुधारली. मग एका संध्याकाळी मुलीनं सोफ्याखाली हात घातला आणि मिनीनं जराही आवाज न करता दात मारला. गालाला लागला नाही, बोटभर अंतरावर हवेत वाजला. तो ‘खट्’ आवाज अजून माझ्या कानात आहे. मिनी मला सांगत होती तोवर मी तिला गप्प केलं, आणि ती गप्प झाल्यावर मला काही कळेनासं झालं.

तेव्हा भुरू पुन्हा गुरगुरला तर ओरडू नका. बाळाला सावकाश उचला, दोन पावलं मागे व्हा आणि त्याला जायला वाट मोकळी करून द्या. तो गेला की त्याच्या मागे कुणीही जायचं नाही. चुकलं काय, याचा विचार नंतर. नवऱ्याशीही बोला, पण एखाद्या निवांत वेळी आणि जाब विचारल्याचा सूर न लावता. ते फटके त्यांनाही आतून बोचत असतील.

एवढी भुरूची बाजू मांडली म्हणजे धोका नाही असं मात्र समजू नका. लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेकदा ओळखीचा असतो, घरचाच किंवा नातेवाइकांचा. चावा बहुधा चेहऱ्याला, डोक्याला किंवा मानेला बसतो, कारण रांगणाऱ्या बाळाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीवर असतो. आणि आधी घडलेलं असतं काहीतरी अगदी साधं: मूल झोपलेल्या कुत्र्यावर ओणवलं, त्याला मिठी मारली, त्याच्या भांड्याजवळ हात नेला. अनेकदा मोठं माणूस त्याच खोलीत असतं.

तुम्हीही त्याच खोलीत होतात. “माझं लक्ष होतं” असं तुम्ही लिहिलंय आणि ते खरंच आहे. पण रांगणारं बाळ तीन हात अंतर कापतं तोवर आपण एक घडीही पुरी घालत नाही. या कामापुरता लक्ष या शब्दाचा अर्थ जरा कडक ठेवावा लागतो: हात पोचेल इतकं अंतर, हातात दुसरं काम नाही, फोन नाही. असं लक्ष दिवसभर कुणालाच ठेवता येत नाही. ते जमत नाही याबद्दल स्वतःला बोल लावू नका. जेव्हा असं लक्ष देता येत नसेल, तेव्हा दोघांच्या मधे आडोसा हवा. दोन मिनिटं बाथरूमला जायचं असेल तरी हवा.

आडोसा म्हणजे दाराच्या चौकटीत बसणारं बेबी गेट, किंवा बाळासाठी जाळीचा प्लेपेन. गेट बसवल्यावर भुरूची गादी त्याच्या पलीकडे न्या, जिथे बाळ कधीच पोचणार नाही. मोठा कुत्रा दिवसरात्र मिळून साधारण १२ ते १४ तास झोपतो, आणि तुमच्या घरात गेले ९ महिने कुणाचीच झोप धड झालेली नाही. त्याचीही नाही. ती जागा त्याची हक्काची असू द्या. तिथे तो गेला की घरातल्या मोठ्यांनीही त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. शिक्षा म्हणून त्याला तिथे कधीही पाठवू नका, नाहीतर विसाव्याच्या जागेची कोठडी होईल.

त्याला बांधून ठेवायचा सल्ला कुणीतरी देईलच. बाळ खाली खेळत असताना हे करू नका. बांधलेल्या कुत्र्याला निघून जाता येत नाही, आणि तुमच्या भुरूचं शहाणपण तर त्या निघून जाण्यातच आहे.

त्याचं जेवण बंद दारामागे, आणि जेवण झाल्यावर भांडं उचलून ठेवा. बाळाच्या जेवणाच्या वेळीही तो गेटच्या पलीकडे. उंच खुर्चीखाली बसून सांडलेलं चाटून साफ करणारा कुत्रा सोयीचा वाटतो खरा, पण त्याला बाळाच्या हातातलं खायची सवय तिथेच लागते. पुढे हीच मुलगी बिस्किट हातात धरून चालायला लागेल तेव्हा ते बिस्किट बरोबर त्याच्या तोंडासमोर येईल. शिवाय मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण कुत्र्याला विषारी आहेत. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ तर फारच. वापरलेल्या डायपरचा डबा झाकणाचा आणि घट्ट बसणारा हवा. आतला पाणी शोषणारा थर पोटात फुगतो आणि आतडं अडू शकतं. चोखण्या आणि रबरी खेळणी जमिनीवर राहू देऊ नका, भुरूला ती स्वतःचीच वाटतात.

आता मुलीकडे येऊ. तिनं कान ओढला यात खोडी नव्हती. हाताला लागेल ते घट्ट धरणं बाळांना फार लवकर येतं, पण धरलेलं मनात येईल तेव्हा सोडणं नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमाराला कुठे जमायला लागतं. म्हणजे भुरूचा कान तिच्या मुठीत सापडला होता आणि कदाचित तिलाही तो सोडता येत नव्हता. तिला “हळू” हा शब्द शिकवायला आजपासून सुरुवात करा. तिचा हात आपल्या हातात घ्या, तळवा उघडा ठेवा आणि भुरूच्या खांद्यावरून केस जातात त्या दिशेनं एकदा-दोनदा फिरवा. पण हा शब्द तिला कळला म्हणून ती तसं वागेल असं चार-पाच वर्षांची होईपर्यंत तरी धरून चालू नका.

हे करतानाही क्रम महत्त्वाचा. बाळाला कुत्र्याकडे न्यायचं नाही, कुत्र्याला बोलवायचं. आला तर ठीक. तीन सेकंद हात फिरवा आणि थांबा. त्यानं अंग टेकलं, नाक पुढे केलं तर आणखी थोडं. मान वळवली, जीभ फिरवली, उठून गेला, तर आजचं झालं. एवढी साधी परवानगी आपण त्याला फार क्वचित विचारतो.

इथे एक काम सांगते, थोडं जड जाईल. ते नातेवाइकांना पाठवलेले फोटो आज पुन्हा काढा आणि फक्त भुरूकडे पाहा. तोंड सैल, किंचित उघडं आहे की मिटलेलं? कान कुठे आहेत? डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय का? शेपूट, पंजे? काही फोटोंमध्ये तो खरंच निवांत असेल. काहींमध्ये तो सहन करत असेल आणि आपण त्याला प्रेम म्हटलं असेल. माझ्याकडच्या फोटोंत तरी दुसऱ्या प्रकारचे जास्त निघाले. यात अपराधी वाटून घेऊ नका. फक्त भुरू किती महिने न बोलता सांगत होता हे त्यातून कळेल, आणि पुढच्या वेळी ते तुम्हाला गुरगुरण्याच्या चार पायऱ्या आधीच दिसेल. बाळाला त्याच्या अंगावर टेकवून फोटो काढणं मात्र आता बंद.

मूल आणि कुत्रा यांची घट्ट मैत्री व्हायलाच हवी, हीसुद्धा एक समजूतच आहे. कधी होते आणि फार सुंदर होते. पण ती घडवून आणायची जबाबदारी तुमची नाही. एका घरात दोघं एकमेकांना न घाबरता, न छळता वावरली तरी या वर्षापुरतं पुष्कळ झालं.

या सगळ्याआधी एक गोष्ट करा, आणि ती याच आठवड्यात: भुरूला प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ७ वर्षांच्या कुत्र्याला सांधे, दात, कान यांची दुखणी सुरू झालेली असू शकतात, आणि कुत्री दुखणं बेमालूम लपवतात. मुलीनं कान धरला आणि तो गुरगुरला, म्हणजे नेमक्या त्या कानात संसर्ग असू शकतो. दुखऱ्या कानाचं वागणं आपण स्वभावाच्या खात्यावर टाकतो आणि कुत्रा घराबाहेर जातो, असंही घडतं.

आता तुमचा खरा प्रश्न. “मी अशी कशी झाले?”

तुम्ही थकला आहात, दुसरं काही झालेलं नाही. ९ महिने तुमचं शरीर तुमचं नाही. दूध, कडेवर घेणं, थोपटणं, केस ओढणं, रात्री कुशीत शिरणारं ते गरम डोकं. संध्याकाळपर्यंत त्वचेला आणखी एक स्पर्श नको होतो, मग तो नवऱ्याचा असो, कुत्र्याचा असो, कधी कधी बाळाचाही. नेमक्या त्या वेळी भुरू येतो, कारण दिवसभरात त्याच्या वाट्याला तुम्ही तेवढ्याच असता. तो मागतो, आणि तुमच्याकडे द्यायला उरलेलं नसतं. त्या रिकामेपणाला तुम्ही राग म्हणता आहात. पुष्कळ आया असंच लिहितात आणि प्रत्येकीला वाटतं की आपण एकटीच इतक्या निष्ठुर आहोत. प्रेम आटलंय का, हे इतक्या अपुऱ्या झोपेत तपासायला जाऊ नका. सध्या त्याला वेळेवर जेवण, पाणी, फिरणं, औषध आणि शांत जागा मिळते ना, एवढंच पाहा. ते नीट करणं हेही प्रेमच आहे, मन भरून आलं नाही तरी.

पण हे थकलेपण सगळीकडेच पसरलं असेल, कशातच जीव रमत नसेल, बाळाबद्दलही काही वाटेनासं झालं असेल, डोळा लागायची संधी असूनही झोप येत नसेल, विनाकारण रडू येत असेल, तर हा प्रश्न भुरूचा नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही डोकं वर काढू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. आपल्या डॉक्टरांना ते शब्दांत सांगा. या बाबतीत वाट पाहू नका.

बाकी कामाची वाटणी बदला. भुरूचं फिरणं पाऊण तासावरून दहा मिनिटांवर आलंय असं तुम्ही लिहिलंय. ते काम नवऱ्याकडे जाऊ द्या, पुरतंच. पट्टा, जेवण, डॉक्टर, औषधांच्या तारखा, सगळं. मारणाऱ्या हातानंच रोज फिरायला नेलं तर त्या दोघांमधलंही काही सांधलं जाईल. लांब फिरणं रोज जमलं नाही तरी चालेल. छोटंच फिरणं, पण त्याला हवं तिथे थांबून पोटभर हुंगू देणारं असावं. घरात जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याच्या कोरड्या जेवणाचे दाणे लपवून ठेवा. ते शोधण्यात वीस मिनिटं जातात आणि नाक दमलं की कुत्रा छान झोपतो.

दिवसाच्या वाटणीत एक खोच आहे, ती फार घरांत सुटते. बाळ जागं असताना आपण कुत्र्याला “हो बाजूला” म्हणतो आणि बाळ झोपलं की त्याला जवळ घेतो. यातून कुत्रा काय शिकतो? बाळ जागं म्हणजे माझे दिवस वाईट. हे उलटं करा. मुलगी प्लेपेनमध्ये खेळत असताना भुरू गेटपलीकडे शांत असेल तर त्याच्याशी बोला, त्याच्या जेवणातले दोन दाणे टाका. ती हसली, किंचाळली, तिनं डबा आपटला, की एक दाणा. तो डूख धरेल का, असं तुम्ही विचारलंत. डाव साधायची वाट पाहणं कुत्र्याच्या डोक्यात नसतं. पण जोड्या त्याच्या पक्क्या लक्षात राहतात: बाळ जवळ आलं, कान दुखला, मार बसला. ती जोडी तुम्हाला पुसायची आहे, आणि ती अशा रोजच्या दहा-वीस दाण्यांनी पुसली जाते.

सासूबाईंचं म्हणणं झटकून टाकू नका, त्यात निम्मं तथ्य आहे. लाळेतून आणि विष्ठेतून रोग पसरू शकतात. रेबीजची लस आणि तिचे पुढचे डोस वेळेवर, जंताचं औषध डॉक्टर ठरवतील तसं, बहुतेक घरांत दर तीन महिन्यांनी, गोचीड आणि पिसवांवरचं औषध नियमित. ते औषध पाठीवर सोडायचं असेल तर वाळेपर्यंत बाळाला त्याच्यापासून दूर ठेवा. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, पण लगेच बाधत नाहीत. काही आठवडे मातीत राहिल्यावर ती धोक्याची होतात, म्हणून विष्ठा तिथल्या तिथे उचलण्याला इतकं महत्त्व आहे. भुरूला बाळाचं तोंड, डोळे किंवा खरचटलेली जागा चाटू देऊ नका. जमिनीवर खेळून झालं की तिचे हात धुवा.

केसांची भीती मात्र थोडी कमी करता येईल. २०१२ साली फिनलंडमधल्या ३९७ बाळांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात कुत्रा असलेल्या बाळांना पहिल्या वर्षात श्वसनाचे आजार आणि कानाचे संसर्ग कमी झालेले त्यात दिसले. यावरून कुत्रा पाळला की बाळ ठणठणीत राहतं असं म्हणता येत नाही, पण कुत्रा आहे म्हणून आजारी पडणारच, हेही खरं नाही. तुमच्या बाळाला घरघर, सततचं सर्दीपडसं किंवा अंगावर चट्टे असतील तर बालरोगतज्ज्ञांना विचारा. सासूबाईंशी या अभ्यासावरून वाद घालू नका. त्याऐवजी लस आणि जंताच्या औषधाच्या तारखा कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि त्यांना दाखवा. त्यांना पुराव्यापेक्षा हे हवं असेल की त्यांची काळजी कुणीतरी मनावर घेतली.

देऊन टाकण्याबद्दल. हा निर्णय आज घेऊ नका, आणि “पुन्हा गुरगुरला तर” या अटीवर तर मुळीच नाही, कारण ती अट म्हणजे बोललास तर घराबाहेर असंच आहे. दीड महिना घ्या. गेट बसवा, डॉक्टरांना दाखवा, रोज एका वहीत दोन ओळी लिहा: आज तो कधी ताणात दिसला, आधी काय झालं होतं. त्या वहीतून पुष्कळ कळेल. पण बाळ लांब असतानाही तो तिच्याकडे टक लावून ताठ उभा राहत असेल, कुणी हात न लावता गुरगुरत असेल, तिच्या वस्तू अडवून बसत असेल, दात मारत असेल, तर दीड महिना थांबायचं नाही. त्याच दिवसापासून दोघांना पूर्ण वेगळं ठेवा आणि कुत्र्यांच्या वागणुकीची जाण असलेल्या पशुवैद्याला किंवा प्रशिक्षकाला बोलवा. मारून, गळा आवळणारा पट्टा घालून शिकवणारा माणूस नको, तो भीतीच वाढवेल.

आणि सगळं करूनही जमलं नाही, घर इतकं लहान आहे की वेगळं ठेवणं शक्यच नाही, किंवा तुम्ही दिवसभर धास्तावून जगताय, तर भुरूला ओळखीच्या, लहान मूल नसलेल्या घरात देणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नव्या घराला सगळं खरं सांगा, गुरगुरल्याचंही. आधी चार दिवस राहायला पाठवून बघा. त्याला दूर कुठेतरी नेऊन सोडून देणं हा मात्र पर्याय नाही, तो कुणी सुचवला तरी.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. दात लागला, नुसता ओरखडा उठला तरी, ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. कुत्र्याला लस दिलेली असली तरीही. पुढे काय लागेल ते डॉक्टर ठरवतील.

आज रात्री भुरू आला आणि मांडीवर डोकं नकोसं झालं, तर ढकलू नका. तुम्हीच उठा, त्याच्या नव्या जागेशी जाऊन बसा, त्याच्या अंगाला न टेकता. पाच मिनिटं पुरे. तो शेजारी पसरेल. हात फिरवावासा वाटला तर फिरवा, नाही वाटला तर नुसत्या बसून राहा.

मुलगी धरून उभी राहायला लागली की मला पुन्हा लिहा. तेव्हा ती आधारासाठी भुरूची पाठ पकडू पाहील आणि तिचा हात गेटच्या कडीपर्यंत पोचायला लागेल.